प्रानास लुबिनास: लिथुएनियाच्या बास्केटबॉलचा आजोबा की उसना खेळाडू?

मध्यरेषा

लिथुएनियाची लोकसंख्या आजही तीस लाखांच्या आतच आहे. या देशाने १९३७ आणि १९३९ अशी लागोपाठ दोन युरोपीय बास्केटबॉल अजिंक्यपदे जिंकली होती. त्या काळाविषयी वाचताना एक नाव सारखे समोर येते, ते म्हणजे प्रानास लुबिनास. त्याचा जन्म ७ जानेवारी १९१० रोजी लॉस एंजेलिसमध्ये, लिथुएनियातून आलेल्या स्थलांतरित कुटुंबात झाला. अमेरिकेत तो फ्रँक लुबिन या नावाने ओळखला जाई. लॉस एंजेलिसच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून तो खेळला, पुढे युनिव्हर्सल पिक्चर्स या चित्रपट कंपनीच्या संघात गेला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात त्याची निवड झाली. ऑलिंपिकच्या इतिहासातील बास्केटबॉलची ती पहिली अधिकृत स्पर्धा होती. तेथेच लिथुएनियाच्या प्रतिनिधींनी त्याला आईवडिलांच्या देशात येण्याचे आमंत्रण दिले. तो लिथुएनियातील काउनास शहरात गेला, तेथील खेळाडूंना शिकवले आणि १९३९ मध्ये तर खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत त्याने यजमान संघाला विजेतेपद मिळवून दिले.

लिथुएनियात त्याला ‘बास्केटबॉलचे आजोबा’ म्हणतात. माझा प्रश्न असा की ही उपाधी रास्त आहे का? तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशासाठी ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला, सुमारे दोन मीटर उंचीचा तयार खेळाडू आणून मिळवलेले अजिंक्यपद त्या देशाचे म्हणावे, की त्या खेळाडूचे? माझे स्वतःचे मत असे की खेळाडू म्हणून तो उसनाच होता. मात्र प्रशिक्षक म्हणून त्याने जे मागे ठेवले ते उसने नव्हते, आणि त्याची कारकीर्द त्याच बाजूने मोजली पाहिजे. जाणकारांनी मते मांडावीत.

खवचट_काका

अंतिम सामन्याचा गुणफलक सांगितल्याशिवाय बर्लिनची गोष्ट पुरी होत नाही. अमेरिका १९, कॅनडा ८. आजच्या वाचकाला हा कबड्डीच्या मध्यंतराचा गुणफलक वाटेल.

जुना_पंच

काकांचा विनोद मान्य आहे, पण त्या आकड्यामागचे कारण सांगायला हवे. बर्लिनमध्ये बास्केटबॉलचे सामने बंदिस्त सभागृहात झाले नाहीत. टेनिसच्या मातीच्या मैदानांवर, उघड्यावर ते खेळवले गेले. १४ ऑगस्ट १९३६ रोजी अंतिम सामन्याच्या वेळी मुसळधार पाऊस पडत होता आणि मैदानाचा चिखल झाला होता. अशा जमिनीवर चेंडू टप्पा घेतच नाही, त्यामुळे चेंडू आपटत पुढे नेणे जवळजवळ अशक्य झाले आणि खेळ केवळ हातोहात फेकीवर आला. अमेरिकेच्या जो फोर्टनबेरीने एकट्याने ८ गुण केले, म्हणजे कॅनडाच्या संपूर्ण संघाइतके. १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ शोधणारे डॉ. जेम्स नाइस्मिथ त्या स्पर्धेला सन्माननीय पाहुणे म्हणून हजर होते.

मध्यरेषा यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी त्या काळचे नियम समजून घेणे आवश्यक आहे. ताब्यातील चेंडू ठरावीक वेळेत टोपलीकडे फेकलाच पाहिजे, असे बंधन त्या वेळी नव्हते. आंतरराष्ट्रीय खेळात ३० सेकंदांची मर्यादा १९५६ मध्ये आली. एक-दोन गुणांची आघाडी मिळालेला संघ चेंडू आपसांत फिरवत वेळ काढू शके आणि पंचाला काहीही करता येत नसे. म्हणूनच लिथुएनियाच्या १९३७ आणि १९३९ च्या निर्णायक सामन्यांत २४-२३, ३७-३६ असे आकडे दिसतात. दुसरे म्हणजे, अमेरिकेत १९३७ पर्यंत प्रत्येक टोपलीनंतर चेंडू पुन्हा मध्यवर्तुळात उडवला जात असे. उडी मारून तो चेंडू आपल्या खेळाडूकडे ढकलणारा उंच माणूस ज्याच्याकडे, त्याच्याकडेच टोपली झाल्यावर पुन्हा चेंडू. तिसरे म्हणजे, टोपलीकडे खाली उतरत असलेला चेंडू बचाव करणाऱ्याने हाताने उडवू नये, हा नियम अमेरिकी महाविद्यालयांत १९४४ मध्ये आला. तोवर टोपलीखाली उभा असलेला उंच खेळाडू आत जाणारा चेंडूही परतवू शकत असे.

या चौकटीत दोन मीटरचा आणि शिवाय हलका हात असलेला खेळाडू म्हणजे काय, याची कल्पना आता करता येईल. उंच खेळाडूंचे हे वर्चस्व एवढे खुपत होते की बर्लिनच्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघटनेत खेळाडूच्या उंचीवरच मर्यादा घालण्याचा घाट घातला गेला. अमेरिकेच्या विरोधामुळे तो मागे पडला.

वऱ्हाडी_माणूस

थोडे विषयांतर होते, पण संबंध आहे म्हणून लिहितो. १४ ऑगस्टच्या ज्या पावसात बास्केटबॉलचा अंतिम सामना उरकला गेला, त्याच पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आला होता. १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असे हरवले, हे सर्वांना ठाऊक आहेच. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी बर्लिनमध्ये होते. त्या पथकापैकी कोणी हा चिखलातला बास्केटबॉल पाहिला असेल का, याचे मला फार कुतूहल आहे.

इतिहासवेडा

बर्लिनविषयी एक मुद्दा राहिला. लिथुएनियाचा संघ बर्लिनला गेलाच नव्हता. १९२४ आणि १९२८ नंतर हा देश ऑलिंपिकमध्ये थेट १९९२ मध्ये उतरला. म्हणजे लुबिनासला आमंत्रण देणारे लोक पाहुणे म्हणून आले होते. त्याच स्पर्धेत शेजारच्या लात्व्हिया आणि एस्टोनियाचे बास्केटबॉल संघ मात्र खेळत होते. लात्व्हियाने तर १९३५ मध्ये जिनिव्हा येथे झालेली पहिली युरोपीय स्पर्धा जिंकली होती, आणि १९३२ मध्ये ज्या आठ देशांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली त्यांतही लात्व्हिया होता. शेजाऱ्याच्या घरी एवढे वैभव आणि आपल्याकडे काहीच नाही, ही बोच लिथुएनियन अधिकाऱ्यांना किती असेल हे सांगायला नको. १९२५ मध्ये लात्व्हियाची राजधानी रिगा येथे झालेला या दोन देशांतील पहिला सामना लिथुएनियाने २०-४१ असा गमावला होता.

पण मध्यरेषा यांच्या मांडणीत एक मोठी उणीव आहे, आणि ती म्हणजे स्तेपोनास दारिउस. लुबिनास काउनासला पोहोचण्याआधी दीड दशक दारिउसने हा खेळ तेथे आणला होता. तो लहानपणी अमेरिकेला गेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता आणि १९२० मध्ये नव्या स्वतंत्र लिथुएनियात परतून लष्करी वैमानिक झाला. बास्केटबॉलचे नियम समजावणारी पुस्तिका त्याने १९२६ मध्ये लिथुएनियन भाषेत लिहिली. एलेना कुबिल्यूते आणि कारोलिस दिनेइका यांची नावेही याच सुरुवातीच्या वर्षांत घेतली जातात. तेव्हा ‘आजोबा’ हा मान द्यायचाच असेल, तर लुबिनासच्या आधी रांगेत इतर माणसे उभी आहेत.

शिकागोचा_वारा

इतिहासवेडा यांनी दारिउसचे नाव घेतले ते बरे झाले. शिकागोच्या दक्षिण भागात मार्केट पार्क नावाचे मोठे उद्यान आहे आणि त्याच्या कडेला दारिउस आणि स्तासिस गिरेनास यांचे स्मारक आहे. ते १९३५ मध्ये उभारले गेले. मी या शहरात नवीन असताना कामानिमित्त त्या भागात गेलो होतो आणि दगडात कोरलेले ते विमान व पृथ्वीचा गोल पाहून हे कोण असावेत, असे एका वृद्ध गृहस्थांना विचारले. त्यांनी पुढचा बराच वेळ मला तेथून हलू दिले नाही. जुलै १९३३ मध्ये हे दोघे ‘लिटुआनिका’ नावाच्या लहानशा विमानातून न्यूयॉर्कहून काउनासला न थांबता निघाले, ३७ तासांत ६,४०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि काउनास सुमारे ६५० किलोमीटरवर असताना तेव्हाच्या जर्मनीतील एका जंगलात विमान कोसळून दोघेही गेले. त्यांची चित्रे पुढे लिथुएनियाच्या दहा लितासच्या नोटेवर आली. त्यांतला एक माणूस बास्केटबॉलचा प्रवर्तकही होता, हे त्या गृहस्थांनी अगदी शेवटी, जाता जाता सांगितले.

शिकागोचे दुसरे नाव म्हणजे फेलिक्सास क्रियाउचूनास. हा शिकागोत जन्मलेला, अमेरिकेत त्याला फिल क्राउस म्हणत. १९३७ मध्ये रिगा येथे लिथुएनियाने इटलीला २४-२३ असे हरवून पहिले अजिंक्यपद जिंकले, तेव्हा खेळाडू-प्रशिक्षक होता तो क्रियाउचूनास. लुबिनास त्या स्पर्धेत खेळलेला नाही. त्यामुळे दोन्ही अजिंक्यपदे लुबिनासच्या खात्यावर टाकण्याची जी सवय लोकांना लागली आहे, ती मला खटकते.

मध्यरेषा

शिकागोचा_वारा, मी दोन्ही अजिंक्यपदे त्याच्या खात्यावर टाकलेली नाहीत. मूळ लेखात त्याच्या नावावर १९३९ चेच अजिंक्यपद आहे. मात्र १९३६ च्या हिवाळ्यात काउनासमध्ये राहून लुबिनासने ज्या खेळाडूंकडून सराव करून घेतला, त्यांच्यापैकी काही जण रिगाला खेळले, हे विसरून चालणार नाही. रिगाचा विजय क्रियाउचूनासचा आहे, पण त्याच्या हाती आलेला संघ कोरा नव्हता.

खवचट_काका

चित्रपट कंपनीचा बास्केटबॉल संघ, हे कोणी नीट समजावेल का? तेथे नायक कमी उंचीचे पडत होते म्हणून बास्केटबॉलपटूंना कामावर घेत होते, असे मी समजून बसलो आहे.

मुक्ता_क

काका, यात नवल नाही. आपल्याकडे रेल्वे, पोलीस, बँका आणि कारखाने कबड्डी-खो-खोचे संघ बाळगतात, खेळाडूला नोकरी देतात आणि खेळाडू कागदोपत्री हौशीच राहतो. अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल तेव्हा आजच्यासारखा रुजला नव्हता आणि हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत कंपन्यांचे संघ जोरात होते. १९३६ चा ऑलिंपिक संघ म्हणजे मुळात दोन कंपन्यांच्या संघांची बेरीज होती. चौदा खेळाडूंपैकी सात युनिव्हर्सल पिक्चर्सचे, सहा कॅन्सस राज्यातील मॅकफर्सन येथील तेल शुद्धीकरण कंपनीचे आणि एक वॉशिंग्टन विद्यापीठाचा. लुबिनास अमेरिकेत परतल्यावरही याच वाटेने खेळत राहिला. ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सच्या संघाने १९४१ मध्ये हौशी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, त्यात तो होता.

मी स्वतः नागपुरात महाविद्यालयाच्या संघातून ‘सेंटर’ म्हणून, म्हणजे टोपलीजवळची उंच खेळाडू म्हणून, खेळले आहे, म्हणून प्रशिक्षणाबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगते. उंच खेळाडूला टोपलीखाली उभे करणे सोपे असते. त्याच्या आजूबाजूच्या चौघांना त्याच्याकडे चेंडू कसा आणि कधी द्यायचा हे शिकवणे फार अवघड असते. पाठ टोपलीकडे करून उभ्या असलेल्या सेंटरला चेंडू मिळाला की बाकीच्यांनी धावत त्याच्या जवळून कापत जायचे, मग त्याने एक तर वळून स्वतः फेकायचे किंवा धावणाऱ्याच्या हाती चेंडू ठेवायचा. हा समन्वय जमेपर्यंत आमच्या प्रशिक्षिका आम्हाला टोपलीकडे बघूसुद्धा देत नसत. संघात एक उसना उंच माणूस आला म्हणून अजिंक्यपद आपोआप मिळत नाही. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचवणारे बाल्त्रूनास आणि पुझिनाउस्कास हे लिथुएनियातलेच होते.

सडेतोड

मुक्ताताई, आपला मुद्दा पटण्यासारखा असला तरी मूळ प्रश्नाला बगल देणारा आहे. तो माणूस १९३६ मध्ये अमेरिकेचा ऑलिंपिकपटू आणि १९३९ मध्ये लिथुएनियाचा प्रतिनिधी. आजच्या नियमांत हे बसले असते का? एका देशाकडून अधिकृत स्पर्धा खेळलेल्या प्रौढ खेळाडूला आज दुसऱ्या देशाकडून सहजासहजी खेळता येत नाही, आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू संघात ठेवता येतो. लिथुएनियाच्या त्या संघात लुबिनास, क्रियाउचूनास, मिकोलास रुझगिस असे अमेरिकेतून आलेले किती तरी होते. इतर देश बिचारे आपापल्या मातीतल्या पोरांना घेऊन आले होते. याला मी शुद्ध भाषेत भाडोत्रीपणाच म्हणेन.

इतिहासवेडा

सडेतोड यांच्या आक्षेपात नवीन काही नाही. परदेशात जन्मलेल्या आणि त्यातही एवढ्या उंच खेळाडूंबद्दलची कुरकूर प्रतिस्पर्ध्यांकडून त्या वेळीही झाली होती. परंतु ‘भाडोत्री’ हा शब्द वापरण्याआधी १९३९ च्या मे महिन्यात काउनासमध्ये काय परिस्थिती होती, हे पाहावे लागेल.

व्हिल्नियस तेव्हा पोलंडच्या ताब्यात होते, त्यामुळे काउनास ही लिथुएनियाची तात्पुरती राजधानी होती. या वादामुळे पोलंडशी राजनैतिक संबंधच नव्हते; मार्च १९३८ मध्ये पोलंडने निर्वाणीचा खलिता दिल्यावर ते जोडावे लागले. बरोबर एका वर्षाने, मार्च १९३९ मध्ये, जर्मनीने तसाच खलिता देऊन क्लाइपेदा हे देशाचे एकमेव मोठे बंदर काढून घेतले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी या देशाने युरोपातील सात संघांना आपल्या घरी बोलावून स्पर्धा भरवली. त्या सातांत पोलंडही होता.

१९३७ च्या विजेत्याला पुढचे यजमानपद मिळाले होते, पण खेळवायचे कोठे? बर्लिनचा चिखल सर्वांच्या आठवणीत होता. म्हणून अनातोलियुस रोझेनब्लियुमास या अभियंत्याच्या आराखड्यानुसार काउनासमध्ये खास बास्केटबॉलसाठी सभागृह बांधण्यात आले, वर्षभराच्या आत. खास या खेळासाठी बांधलेले युरोपातील ते पहिले मोठे सभागृह मानले जाते आणि उभे व बसलेले मिळून सुमारे अकरा हजार प्रेक्षक त्यात मावत. आपले एकमेव मोठे बंदर गमावलेल्या देशाने अशा वर्षी सिमेंट आणि पोलाद खेळाच्या सभागृहात घालावे, यातच सरकारला या स्पर्धेचे महत्त्व केवढे वाटत होते ते दिसते.

पहिल्याच टप्प्यात लात्व्हियाशी गाठ पडली. ३७-३६ असा तो सामना संपला आणि शेवटच्या क्षणांतली निर्णायक टोपली लुबिनासची होती. त्यानंतर लिथुएनिया एकही सामना हरला नाही. सातपैकी सात विजय, लात्व्हिया दुसरा, पोलंड तिसरा. लुबिनासच्या आईवडिलांना पोटासाठी तो देश सोडावा लागला होता. अशा कुटुंबातला मुलगा बंदर हिरावले गेलेल्या त्या वर्षी तेथे जाऊन खेळतो, त्याला भाड्याचा म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

सडेतोड

भावना समजू शकतो, पण भावनेने पात्रतेचा प्रश्न सुटत नाही. लात्व्हियाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका गुणाने हरलात आणि तो गुण करणारा अमेरिकेचा सुवर्णपदकविजेता. आपण शांत बसला असता का?

जुना_पंच

बसलो नसतो, आणि पंच म्हणून मला तो निषेध अर्ज हाती घ्यायलाही आवडले नसते. तरीही निर्णय त्या दिवशीच्या नियमपुस्तकाप्रमाणेच द्यावा लागतो. दोन देशांकडून खेळण्यावर आज जशी काटेकोर बंधने आहेत, तशी त्या काळी नव्हती, आणि निकाल कायम राहिला. नंतर केलेल्या नियमाने आधीचा सामना तपासायचा ठरवले, तर प्रत्येक टोपलीनंतर मध्यवर्तुळात चेंडू उडवून मिळवलेले सगळे गुणही पुसावे लागतील.

निळासावळा

या वादात मला रस आहे तो वेगळ्या कारणाने. स्पर्धा संपली मेच्या अखेरीस, आणि १ सप्टेंबरला महायुद्ध सुरू झाले. लुबिनास अमेरिकेला परत गेला. जून १९४० मध्ये लिथुएनियावर सोव्हिएत सैन्याने कब्जा केला, १९४१ मध्ये जर्मन आले आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. विजेत्या संघातले लोक जगभर विखुरले. लिओनास बाल्त्रूनास तर ऑस्ट्रेलियाला जाऊन स्थायिक झाला. म्हणजे प्रशिक्षक गेला, खेळाडू गेले आणि देशही नकाशावरून गेला. मग मध्यरेषा म्हणतात तो वारसा पुढे नेला कोणी? लुबिनासच्या हाताखाली खेळलेले लोक मायदेशात उरले नसतील, तर पुढच्या यशाचे धागे त्याच्यापर्यंत ओढून नेणे हा नंतरचा गोडवा वाटतो.

मध्यरेषा

निळासावळा यांनी नेमका प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या मताचा कस याच ठिकाणी लागतो.

१९४७ मध्ये प्राग येथे सोव्हिएत संघाने पहिल्यांदा भाग घेतला आणि पहिल्याच प्रयत्नात युरोपीय अजिंक्यपद जिंकले. त्या संघात स्तेपास बुताउतास, काझिस पेत्केविचिउस, युस्तिनास लागुनाविचिउस असे लिथुएनियन खेळाडू होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या सोव्हिएत संघातही हे तिघे आणि स्तानिस्लोवास स्तोनकुस होते. एवढ्या अवाढव्य देशाच्या संघात एका चिमुकल्या प्रजासत्ताकाचे चार जण, हे प्रमाण कोठून आले? बुताउतास १९२५ मध्ये काउनासमध्येच जन्मला. सभागृह उघडले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. लुबिनासने त्याला शिकवले असे मी म्हणत नाही. परंतु १९३६ ते १९३९ या काळात काउनासमध्ये हा खेळ काही हौशी मंडळींच्या हातून निघून मुलांच्या हाती गेला, आणि त्या मुलांनी युद्ध संपताच उभा केलेला खेळ अमेरिकी वळणाचा होता. खेळाडू विखुरले तरी सभागृह तेथेच राहिले. १९४४ मध्ये स्थापन झालेला ‘झालगिरिस’ हा क्लब त्यात पुढची कित्येक दशके खेळत आला.

इतिहासवेडा यांचा दारिउसविषयीचा मुद्दा योग्य आहे, तरी मला त्यात एक फरक दिसतो. दारिउसने खेळ दाखवला, नियम लिहिले. १९२५ मधला २०-४१ हा पराभव सांगतो की नियम कळणे आणि खेळता येणे यांत अंतर असते. ते अंतर क्रियाउचूनास आणि लुबिनास यांनी मिळून भरून काढले. क्रियाउचूनासचे नाव मागे पडले हे अन्यायाचे आहे, आणि ते लुबिनासच्या उंचीमुळे व ३७-३६ या सामन्याच्या नाट्यामुळे घडले असावे. ‘आजोबा’ दोन असायला हरकत नाही, सर्वांनाच असतात.

खवचट_काका

म्हणजे दारिउस पणजोबा. वंशावळ पुरी झाली.

शिकागोचा_वारा

मध्यरेषा यांच्या या प्रतिसादानंतर माझा आक्षेप बराचसा मिटला. एक भर घालतो. स्थलांतरितांच्या मुलांनी मायदेशी परत जाऊन खेळणे ही गोष्ट एकट्या लुबिनासपुरती नव्हती. १९३८ च्या उन्हाळ्यात काउनासमध्ये लिथुएनियाची राष्ट्रीय ऑलिंपियाड भरली होती आणि तीत अमेरिकेतील लिथुएनियन खेळाडूंचे पथक गेले होते. यामागे संघटित प्रयत्न होता. शिकागोतील वस्त्यांमधली चर्च, शाळा आणि मंडळे मुलांना आईवडिलांच्या देशाशी बांधून ठेवू पाहत होती. सडेतोड यांना ज्यात भाडे दिसते, त्यात मला या मंडळांचे कष्ट दिसतात. आम्ही येथे मराठी शाळा चालवतो, मुलांनी शनिवारी सकाळी यावे म्हणून किती विनवण्या कराव्या लागतात हे आम्हालाच ठाऊक. त्यांतले एखादे मूल वयाच्या पंचविशीत मायदेशासाठी खेळायला जाईल, अशी कल्पनाही आम्ही करत नाही.

सडेतोड

आपल्या शाळेबद्दल आदर आहे. माझे मत मात्र कायम आहे: १९३९ चे विजेतेपद नियमाला धरून होते, समान संधीचे नव्हते. आणि मध्यरेषा यांनी प्रशिक्षक म्हणून त्याचे जे श्रेय मांडले, त्यास माझी अजिबात हरकत नाही.

निळासावळा

प्रागमधील विजयाबद्दल माहीत नव्हते. १३ वर्षांच्या मुलाने ते सभागृह भरलेले पाहिले असेल, एवढा दुवा मला पुरेसा आहे. लुबिनासने पुढचे काही पाहिले का?

इतिहासवेडा

त्याला दीर्घायुष्य लाभले. ८ जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल येथे तो वारला. म्हणजे १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवणाऱ्या सोव्हिएत संघाचा कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास हा लिथुएनियन होता, आणि १९८८ मध्ये सोलला सुवर्ण जिंकणाऱ्या सोव्हिएत संघात साबोनिस, मार्चुलिओनिस, खोमिचुस आणि कुर्तिनाइतिस हे चौघे लिथुएनियन होते, हे सर्व त्याच्या हयातीतले. १९९२ मध्ये बार्सिलोना येथे स्वतंत्र लिथुएनियाने कांस्यपदकासाठीच्या लढतीत पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या एकत्रित संघाला ८२-७८ असे हरवले, तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. अमेरिकी संघातून सुवर्ण जिंकलेला आणि लिथुएनियाकडून युरोप जिंकलेला हा माणूस १९७२ च्या त्या वादग्रस्त अंतिम सामन्यात कोणाच्या बाजूने होता, हे मला विचारावेसे वाटते.

मुक्ता_क

बुताउतासचे नाव आले आहे म्हणून सांगते, की खेळाडू म्हणून तीन युरोपीय अजिंक्यपदे जिंकल्यावर तो सोव्हिएत महिला संघाचा प्रशिक्षक झाला, आणि १९५९ व १९६४ मध्ये तो संघ विश्वविजेता ठरला. त्याचा मुलगा रामूनास २००७ मध्ये लिथुएनियाच्या पुरुष संघाचा प्रशिक्षक होता आणि त्या वर्षी त्यांना युरोपीय स्पर्धेत कांस्य मिळाले. १९३८ मध्ये रोम येथे झालेल्या महिलांच्या पहिल्या युरोपीय स्पर्धेत लिथुएनियाच्या मुलींनी रौप्यपदक मिळवले होते, त्याचा उल्लेख या धाग्यात कोणीही केलेला नाही. दोन्ही गोष्टी मिळून स्वतंत्र धागा होऊ शकेल. जुना_पंच यांनी त्या काळच्या महिलांच्या नियमांवर लिहिण्याचे मान्य केल्यास मी येत्या आठवड्यात तो सुरू करते.

जुना_पंच

जरूर सुरू करावा. नियमांचा भाग माझ्याकडे.